भागवत एकादशीचे मळगुजे

मे महिन्यात आई आम्हाला हात लावायची नाही. लालबागच्या मसाल्याच्या दुकानात दिवसभर गोणपाटावर बसून ती मिरच्यांची देठं काढायची. घरी आली की बोटं इतकी भगभगायची, की ताकाच्या पातेल्यात हात बुडवून ती गप्प बसून राहायची. माझी वेणी मलाच घालावी लागे. एकदा चुकून तिचं बोट धाकट्या भावाच्या डोळ्याला लागलं, तेव्हा तो तासभर रडला आणि त्याच्यासोबत तीही.

बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा मी बालवाडीत होते. मला गिरणी आठवत नाही, फक्त बंद पडलेली आठवते. त्यानंतर बाबांनी भायखळ्याच्या भाजीबाजारात पाट्या उचलल्या, लग्नाच्या हॉलमध्ये खुर्च्या लावल्या, आणि शेवटी शिवडीला एका गोदामावर रखवालदार म्हणून लागले. खोली दहा बाय बाराची, माणसं पाच, कारण आजी तेव्हा होती. दहावीला मी शेजारच्या मुलाची जुनी पुस्तकं वापरली. त्याने चुकीच्या उत्तरांखालीही पेनाने रेघा मारून ठेवल्या होत्या, त्यामुळे आधी त्याचा अभ्यास पुसायचा आणि मग माझा करायचा असं चाले. कोणी दया दाखवावी म्हणून हे लिहीत नाही. आमच्या मजल्यावर सगळ्यांचं असंच होतं. सांगायचं एवढंच, की पक्षी बघणं ही आमच्यासारख्यांच्या घरात सुचणारी गोष्ट नव्हती.

सुचली ती डब्यामुळे. रविवारी बाबांचा डबा द्यायला मी लालबागहून शिवडीला चालत जायचे. गोदामाच्या मागची भिंत एका जागी पडलेली होती, आणि त्या खिंडारातून खाडी दिसायची. ओहोटी असली की नजर पोचेल तिथवर चिखल, आणि चिखलावर गुलाबी रेघ. बाबा पोळीचा घास तोडत म्हणाले, "खंयची पाखरां ही, तुझ्या मास्तरांक विचार गो." मी विचारलं. बाई म्हणाल्या, फ्लेमिंगो, मराठीत रोहित. त्या रविवारी मी बाबांना सांगितलं आणि त्यांनी आल्यागेल्या प्रत्येक ट्रकवाल्याला सांगितलं.

भरती-ओहोटी मी बाबांकडून शिकले. त्यांच्या मालवणकडच्या गावात घड्याळ एक-दोन घरांत होतं, तरी होडी वेळेवर सुटायची. हिशोब सोपा आहे. आजची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमाराला. बाबा बोटांच्या पेरांवर हे इतक्या झटकन करायचे की मला लहानपणी वाटायचं, त्यांनी खाडीला नोकरीवर ठेवलं आहे.

पुढे मी परळच्या कॉलेजात प्राणीशास्त्र घेऊन बीएस्सी झाले. आमच्या घरात, आणि बाबांच्या गावातल्या भावकीत, पदवी मिळवणारी मी पहिली. सर्टिफिकेट घरी आणलं तेव्हा आईने हात पाठीमागे बांधून ते बघितलं, मसाल्याचा डाग लागेल म्हणून. मी ते तिच्यासमोर धरून उभी होते आणि ती एकेक अक्षर लावत होती. माझ्या नावापर्यंत आली आणि म्हणाली, "हां, हे मला येतं."

पदवी आली, नोकरी आली नाही. मामाने मात्र एक जागा बघून ठेवली होती. परळच्या एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काउंटरवर बसायचं, एक जूनपासून. मामा वाईट माणूस नाही, पण त्याची जीभ लालबागची मिरची.

"एसी आहे, खुर्ची आहे. आणखी काय पाहिजे?"

"मामा, शिवडीच्या मोजणीचं कळेपर्यंत थांब ना."

"पाखरां मोजून कोणाचा पोट भरला गो? त्यांचा तरी भरता काय? दिवसभर चिखलात तोंड घालून असतत."

आई मध्ये पडली. शेवटी ठरलं की मेअखेरपर्यंत मला मोकळीक. तोवर शिवडीचं काम मिळालं तर ठीक, नाहीतर एक जूनला मी तोंडातून शब्द न काढता काउंटरवर बसायचं. मी मामाच्या हातावर हात मारला. त्या महिन्यात माझं सगळं त्या एका गोष्टीवर होतं.

शिवडीचं काम म्हणजे असं. खाडीतल्या पाणपक्ष्यांची दर महिन्याला मोजणी करणारी एक संस्था होती. त्यांना शिवडीच्या जेट्टीसाठी कायमचा, पगारी माणूस हवा होता. आम्ही तिघं हिवाळाभर फुकट मोजत होतो. एक दादरचा मुलगा, त्याच्याकडे हाताएवढी लेन्स असलेला कॅमेरा. एक गिरगावची मुलगी, तिला पक्ष्यांची लॅटिन नावं पाठ. आणि मी, कॉलेजच्या लॅबने निरोपाला दिलेली दुर्बीण घेऊन, जिच्या डाव्या डोळ्यात कायम धुकं. तिघांतून एक निवडायचा होता, आणि निवडणार होते अंकल, संस्थेची शिवडीची मोजणी बघणारे.

अंकल भायखळ्याचे. गोदीतून निवृत्त झालेले ख्रिस्ती गृहस्थ, काळी छत्री घेऊन आणि पांढरी टोपी घालून येणारे. मुठीत एक छोटं लोखंडी यंत्र असायचं, अंगठ्याने दाबलं की एक आकडा पुढे. आम्हाला पक्षी दिसायच्या आधी त्यांची टिकटिक ऐकू यायची. मेच्या शेवटच्या आठवड्यात, पक्षी उत्तरेला निघून जायच्या आत, त्यांनी आमची परीक्षा लावली.

"पूर्ण भरतीच्या दोन तास आधी सुरू करायचं, भरतीला थांबायचं," अंकल म्हणाले. "तेवढ्यात पाणी पक्ष्यांना ढकलत जेट्टीजवळ आणतं. प्रत्येकाने वेगळं मोजायचं, वेगळा कागद. भरती किती वाजता ते मी सांगणार नाही. ज्याला भरती कळत नाही त्याला पक्षी काय कळणार. मला फोन करायचा नाही."

दादरच्याने तिथेच मोबाइल काढला. मला म्हणाला, "तू कुठलं ॲप वापरतेस?"

"माझ्याकडे बाबा आहेत."

"अच्छा. त्यांना अपडेट येतात?"

"आमचा सर्व्हर चंद्रावर आहे. तुझ्यापेक्षा जुना."

गिरगावची हसली. मीही हसले. खरं सांगते, मला माज होता. हिवाळाभर बाबांचा हिशोब छापील वेळेशी जवळजवळ जुळत आला होता. मोबाइल माझ्याकडेही होता, पण त्यात बघायचं नाही असं मी ठरवूनच टाकलं होतं.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी आईने साबुदाणा भिजत घातला. म्हणाली, "उद्या उपास आहे, लक्षात ठेव. तुला डब्यात खिचडीच देते." माझं डोकं लगेच चाललं. उपास म्हणजे एकादशी. अकराची पाऊणपट, सव्वाआठ. दोन तास आधी म्हणजे सव्वासहा. मी कॅलेंडरकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

पहाटे निघाले. लालबागमध्ये दुकानांची शटरं बंद होती, पण मसाल्याच्या गल्लीतून जाताना नाकाला झोंबलंच. शिवडीला पोचले तेव्हा उजाडलं होतं. जेट्टीवर कोणीच नाही. मला आधी आनंद झाला. वाटलं, दोघं झोपले आणि अंकलही झोपले. मग खाली बघितलं. पाणी खूप लांब होतं. भरतीला दोन तास राहिले की पाणी जेट्टीच्या कुठल्या दगडाला लागतं ते मला पाठ होतं. त्या दगडाखाली अजून कितीतरी ओला चिखल उघडा होता.

मी धावतच गोदामाच्या गेटवर गेले. बाबांची रात्रपाळी आठला सुटणार होती. ते स्टुलावर बसून चहा गाळत होते.

"बाबा, पाणी अजून आलंच नाही. एकादशीला सव्वाआठ ना?"

बाबांनी गाळणं खाली ठेवलं. "एकादशी काल होती गो. आज बारस."

"आईचा उपास आज आहे."

"आमच्या घरात तुळशीची माळ आसा. आमची भागवत एकादशी, ती दुसऱ्या दिवशी धरतत. कॅलेंडरात लिवलेला आसता, काल स्मार्त, आज भागवत." मग माझं तोंड बघून ते हसले. "दर्यो काय तुझ्या आवशीक इचारून भरता?"

बाराची पाऊणपट नऊ. मोजणी सात वाजता. मी पाऊण तास आधी आले होते, आणि तेही अशी चूक करून जी आमच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या घरात होणार नाही. गिरगावचीकडे उपास नाही, दादरच्याकडे ॲप.

"अंकलना कळलं तर म्हणतील, हिला भरतीच कळत नाही."

"लवकर इलंस, उशिरा नाय. लवकर इलेल्याक कोण हाकलता? चाय घे आणि जा, बघ काय बघूचा ता."

चहा न घेताच मी परत जेट्टीवर आले. बसून राहण्यापेक्षा हात साफ करावा म्हणून दुर्बीण लावली. लांब, जिथे एक जुना गंजका मालवाहू बार्ज चिखलात रुतून बसलेला आहे, त्याच्या अलीकडे पाण्याच्या कडेला तपकिरी ठिपके होते. आधी वाटलं दगड. दगड चालायला लागले. लांब सरळ चोच, उंच पाय, चोच मुळापर्यंत चिखलात खुपसायची पद्धत. मळगुजे. इंग्रजीत ज्याला गॉडविट म्हणतात तो. हिवाळ्यात हा पक्षी मळकट असतो, पण उत्तरेला घरटं करायला निघायच्या आधी त्याची मान आणि छाती विटेसारखी लाल होते. त्या थव्यातले निम्मे तरी लाल झाले होते.

थवा मोजायची माझी रीत आईची आहे. दुकानात मिरच्यांचा ढीग पडला की आई एक पसा उचलून बाजूला ठेवायची, डोळ्याने तो पसा ढिगावर ठेवत ठेवत जायची आणि वजन सांगायची. काटा तिला क्वचितच खोटं ठरवायचा. मी दहा पक्षी नीट मोजले, ते दहा किती जागा घेतात ते डोळ्यात धरलं आणि तो दहाचा पसा थव्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ठेवत गेले. पहिल्यांदा तीनशे चाळीस आले. उलट दिशेने मोजले, तीनशे पन्नास.

तेवढ्यात एक टग बोट भोंगा देत गेली आणि सगळा थवा एकदम उठला. पंखांवरच्या पांढऱ्या पट्ट्या एकाच वेळी चमकल्या, काळ्या शेपट्या दिसल्या. त्यांनी एक वळसा घेतला आणि पाण्यावरून पलीकडे माहुलच्या कांदळवनाकडे निघून गेले. मी वहीत वेळ लिहिली. सहा चाळीस.

सातला पाच मिनिटं असताना अंकल आले, मागोमाग ती दोघं.

"लवकर आलीस?" अंकलनी विचारलं.

"हो," मी म्हटलं, आणि पुढचं गिळलं.

मोजणी सुरू झाली. पाणी चढायला लागलं तसे रोहित त्याच्या पुढे पुढे जेट्टीकडे सरकू लागले. घरात पाणी शिरल्यावर बायका साडी वर धरून जशा चालतात तशी त्यांची चाल असते. चिखले, शेकाटे, बगळे, कुरव असं एकेक उतरवत गेले. मळगुजे मात्र इथे दोन, तिथे चार. कान अंकलच्या टिकटिकीकडे होते, ती माझ्याबरोबर चालली आहे असं वाटत होतं. नऊला पाच मिनिटं वर झाली आणि पाणी थांबलं. अंकल म्हणाले, "पेन्सिली खाली."

मी पेन्सिल खाली ठेवली नाही. माझ्या कागदावर मळगुज्यांपुढे दहा हा आकडा होता, आणि नियमाने तोच बरोबर होता. सात ते नऊमध्ये दहाच दिसले. वहीतले साडेतीनशे लिहिले तर मी वेळ चुकले हे उघड होणार. नाही लिहिले तर कोणाला काही कळणार नव्हतं आणि कदाचित काम मला मिळूनही जाईल. पण मग ते साडेतीनशे पक्षी त्या दिवशी शिवडीला नव्हतेच असं कागद कायमचं सांगत राहणार. मी खाली वेगळी ओळ लिहिली. वेळ, जागा, आकडा, कुठे गेले ते. आणि कागद दिला.

अंकलनी तिन्ही कागद जेट्टीच्या कठड्यावर ठेवून वाचले. माझ्या कागदावर त्यांचं बोट थांबलं.

"हे काय आहे?"

"मळगुजे, अंकल."

"मे संपला पोरी. मळगुजे गेले. मी गेल्या आठवड्यात स्वतः बघितले, पंधरा-वीस राहिलेत."

"आज होते."

"साडेतीनशे?"

"हो."

"आणि तू सहा चाळीसला इकडे काय करत होतीस? मोजणी सातला होती."

मी सांगितलं. सगळं सांगितलं, साबुदाण्यापासून. स्मार्त आणि भागवत समजावताना मीच दोनदा अडखळले. दादरच्याने कॅमेऱ्याच्या पट्ट्याआड तोंड लपवलं. म्हणाला, "सर्व्हर डाऊन होता म्हणजे." गिरगावचीने त्याला कोपर मारलं.

अंकल हसले नाहीत. "म्हणजे तू भरती चुकलीस. लिहू?"

"लिहा."

"आणि हे मळगुजे?"

"तेही लिहा."

"एकट्याने बघितलेलं आमी लिहीत नाही. नियम आहे. फोटो आहे?"

"कॅमेरा नाही माझ्याकडे."

"मग मी कशावर विश्वास ठेवू? त्या दुर्बिणीवर? तिला मोतीबिंदू झालाय."

मला राग आला. दुर्बिणीला बोललेलं मला चाललं असतं, पण ती माझ्या कॉलेजची होती. मी म्हटलं, "अंकल, माझ्यावर ठेवू नका. थांबा आणि स्वतः बघा. ते जेवायला परत इथेच येणार."

"किती वाजता?"

हे बाबांनी शिकवलं नव्हतं. पण माझ्याच चुकीने मला एक गोष्ट कळली होती. भरतीच्या अडीच तास आधी त्या बार्जजवळ जेवढा चिखल उघडा होता, तेवढा पुन्हा उघडायला भरतीनंतर अडीच तास तरी लागणार. "साडेअकरा," मी म्हटलं. "फार तर पावणेबारा. ते खातात ती जागा त्याआधी उघडत नाही."

अंकलनी घड्याळ बघितलं, ऊन बघितलं, छत्री बघितली. "मिसेस जेवायला वाट बघते," म्हणाले, आणि कठड्यावर रुमाल पसरून बसले.

दादरच्याला क्लास होता. जाताना त्याने आपली पाण्याची बाटली माझ्या पिशवीत कोंबली. "खरंच आले तर सांग," म्हणाला. "मला बघायचे होते या वर्षी." गिरगावचीही त्याच्याबरोबर गेली. तिला रेंगाळायचं होतं असं वाटलं, पण तिच्या घरून दोनदा फोन येऊन गेला होता.

बाबा पाळी सुटली तरी घरी गेले नव्हते. ते जेट्टीवर आले, अंकलना नमस्कार केला आणि थोडं लांब, जुन्या दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसले. मी डबा उघडला. अंकलनी खिचडी चाखली आणि बाबांना विचारलं, "तुमच्या घरी एकादशी एक दिवस उशिरा येते?"

"येता वेळेवर. आम्ही थांबतो."

"पाऊणपट ना? माझी आजी करायची. आमच्या गावठाणात तिला दोन गोष्टी कळायच्या, चर्चची घंटा आणि चंद्र. घड्याळ तिला बघता यायचं नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हिशोब चांगला आहे. पण तिथी कॅलेंडरात बघायची, पातेल्यात नाही."

मी मान खाली घातली. ते खरंच होतं.

दहा वाजले. साडेदहा वाजले. उन्हाने जेट्टीचा दगड तापला, चपलेतून चटका बसायला लागला. पाणी उतरत होतं, पण आरामात, कोणाची घाई नसल्यासारखं. अकराला बार्जच्या तळाशी चिखलाची काळी पट्टी दिसली. चार-पाच कुरव आले. मळगुजा एक नाही. माझ्या डोक्यात लॅबचा काउंटर यायला लागला होता, त्यावरचा फोन, ती खुर्ची. साडेअकराला अंकल उठले, त्यांनी रुमाल झटकून त्याची घडी केली.

"पोरी, चूक कबूल करण्यात कमीपणा नसतो."

"चूक केली ती कबूल केली, अंकल. ही चूक नाही."

बाबा माहुलकडे बघत होते, आणि त्यांनी नुसता हात वर केला.

लांब कांदळवनाच्या वर एक राखी पट्टा हलत होता. आधी धूर वाटावा असा. मग तो वाकला, सरळ झाला, आणि जवळ येता येता त्यात पांढरं चमकायला लागलं. आमच्या डोक्यावरून ते इतके खालून गेले की पंखांचा आवाज ऐकू आला. एक वळसा, दुसरा वळसा, आणि बार्जच्या अलीकडे, सकाळी होते बरोब्बर तिथे, सगळे उतरले. उतरले आणि माना खाली घालून जेवायला लागले. उन्हात त्या लाल छात्या आता विटांपेक्षाही लाल दिसत होत्या.

अंकलनी छत्री माझ्या बाबांच्या हातात दिली आणि दुर्बीण डोळ्याला लावली. मग म्हणाले, "तू त्या टोकाकडून, मी या टोकाकडून. आकडा तोंडातून काढायचा नाही."

मी मोजलं. दहाचा पसा, पुन्हा दहाचा पसा. शेजारी टिकटिक चालली होती, ती कानावर येऊ नये म्हणून मी ओठ हलवत मोजत होते. दोघांनी आपापल्या कागदावर लिहिलं आणि कागद एकमेकांसमोर धरले. माझे तीनशे सेहेचाळीस. अंकलचे तीनशे बावन्न.

"सहाचा फरक," मी म्हटलं.

"माझे डोळे अडुसष्ट वर्षांचे आहेत," अंकल म्हणाले. "तुझे घेऊ."

त्यांनी माझा आकडा सकाळच्या कागदावर, त्या वेगळ्या ओळीखाली लिहिला आणि पुढे स्वतःची सही केली. सहीच्या बाजूला अजून एक ओळ लिहिली आणि मला वाचायला दिली. मोजणीदाराने भरतीची वेळ चुकवली, पण आकडा चुकवला नाही. दोन्ही गोष्टी स्वतः सांगितल्या.

बाबांना त्यांनी एवढंच विचारलं, "ही लहानपणापासून अशीच भांडते?"

"आवशीर गेली हा," बाबा म्हणाले.

चार दिवसांनी संस्थेचं पत्र आलं. मी मामाला फोन केला. तो म्हणाला, "पगार देतत ना खरोखरचो?" मी म्हटलं, देतात. "मग लॅबवाल्याक मी सांगतंय. तू फोन करू नको, तू त्याका पाखरांची नावां शिकवत बसशील."

आता जेट्टीच्या बाजूने समुद्रावरचा मोठा पूल गेला आहे, पक्षी येतात ते थोडे सरकून बसतात, आणि मी त्यांच्याबरोबर सरकून बसते. गिरगावची मुलगी दर हिवाळ्यात माझ्याबरोबर मोजायला येते. दादरच्याने त्या थव्याचा फोटो दुसऱ्या वर्षी काढला, मी त्याला दिवस सांगितला होता.

त्या वर्षीच्या एक जूनला मी कुठल्याही काउंटरवर बसले नाही. शिवडीची पगारी मोजणीदार म्हणून माझी नेमणूक झाली, आणि गेले सात हंगाम शिवडीचा प्रत्येक आकडा माझ्या सहीने जातो.